बार्थेल ४५ चा ६५ झाला, मग आईची रात्रीची उठबस का वाढली?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बाबा ६८ वर्षांचे, अडीच महिन्यांपूर्वी उजव्या बाजूला लकवा मारला, हॉस्पिटलमधून सोडताना डिस्चार्ज कार्डवर 'बार्थेल ४५' (म्हणजे रोजची दहा कामं स्वतः किती करतात त्याचे १०० पैकी मार्क) लिहिलं होतं, आता थेरपिस्ट म्हणतायत की ६५ झालाय, छान प्रगती आहे, आणि घरी आई म्हणते मला तर काडीचाही फरक वाटत नाही, उलट रात्री जास्तच उठावं लागतं. मग आकडा खोटा आहे की आईच्या लक्षात येत नाहीये, आणि थेरपी पुढे चालू ठेवण्यात अर्थ आहे का, असं तुमचं विचारणं आहे. दोन्ही वेळच्या दहाच्या दहा ओळी तुम्ही लिहून पाठवल्यात हे फार बरं केलंत, नुसता ४५ आणि ६५ सांगितला असता तर मला काहीच सांगता आलं नसतं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं परत करायला शिकवणारी, २३ वर्षं झाली, त्यातली बरीच वर्षं लकव्याच्या पेशंटबरोबर गेली. माझं उत्तर असं की थेरपिस्टही खरं बोलतायत आणि आईही खरं बोलतायत, दोघं दोन वेगळ्या गोष्टी मोजतायत एवढंच.

आधी हे बार्थेल काय प्रकरण आहे ते बघू. फ्लोरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल या दोघींनी १९६५ साली अमेरिकेत मेरीलँडमध्ये ही मोजणी छापली, त्यात रोजची दहा कामं आहेत. जेवण, अंघोळ, तोंड धुणं-दाढी-केस विंचरणं, कपडे घालणं, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडासचा वापर, बेडवरून खुर्चीत आणि परत, सपाटीवर चालणं, आणि जिना. प्रत्येकाला ०, ५, १० असे मार्क, बेड-खुर्ची आणि चालणं या दोघांना जास्तीत जास्त १५, अंघोळ आणि तोंड धुणं यांना फक्त ५, सगळं मिळून १००. साधं आहे, दहा मिनिटात होतं, लांबलचक ट्रेनिंग लागत नाही, म्हणून आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हेच भरतात.

आता तुमच्या बाबांचं पान. सोडताना जेवण ५, अंघोळ ०, तोंड धुणं ५, कपडे ५, शौच १०, लघवी ५, संडास ५, बेड-खुर्ची १०, चालणं ०, जिना ०, झाले ४५. आता जेवण १० झालं कारण डाव्या हाताने चमच्याने जेवतात, लघवी १० कारण आता कपडे ओले होत नाहीत, आणि चालणं ० वरून १० कारण एक जण सोबत असला की ट्रायपॉड म्हणजे तीन पायांची काठी घेऊन चालतात. बाकी सात ओळी जशाच्या तशा. म्हणजे २० मार्क वाढले ते फक्त तीन ओळींत.

आता या तीन ओळी आईच्या बाजूने बघा. आधी बाबांना चालताच येत नव्हतं आणि लघवीवर पूर्ण ताबा नव्हता, तेव्हा रात्री डायपर लावून दोघंही झोपत होते, सकाळी एकदा बदलला की झालं. आता त्यांना लघवीची जाणीव होते, उठायचं असतं, चालता येतं पण एकट्याने नाही, त्यामुळे रात्री एक वाजता आणि परत चार वाजता आईला उठून त्यांच्या सोबतीने बाथरूमपर्यंत जाऊन परत यावं लागतं. चालण्याचे १० आणि लघवीचे ५, हे १५ मार्क बाबांनी खरोखर मिळवलेत आणि त्या १५ मार्कांसाठी आईची झोप मोडतेय. हे मी कित्येक घरात बघितलंय, मधल्या टप्प्यात पेशंट सुधारतो आणि सांभाळणाऱ्याचं काम वाढतं, कारण पेशंट आता काहीतरी करायला लागलेला असतो पण अजून एकट्याने करत नसतो. आईला हे कोणीतरी नीट समजावून सांगायला हवं होतं, तिला फरक दिसत नाही असं नाहीये, तिच्यावर तो फरक येऊन पडलाय.

दुसरी गोष्ट जेवणाची, तुम्ही जाता जाता लिहिलंय पण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. थेरपीच्या डिपार्टमेंटमध्ये बाबा डाव्या हाताने चमचा धरून उपमा खाऊन दाखवतात म्हणून जेवण १०. घरी मात्र चहा-बिस्किट स्वतः घेतात आणि वरण-भात, भाजी-भाकरी आई भरवते, कारण डाव्या हाताने जेवायला ते तयार नाहीत, चार माणसात तर नाहीच. मग बार्थेलमध्ये काय लिहायचं? याचा नियम स्पष्ट आहे, १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये याची जी सुधारलेली पद्धत आली तिच्यात लिहिलेलंच आहे की पेशंट काय करू शकेल ते नाही लिहायचं, गेल्या एक-दोन दिवसांत काय करतोय ते लिहायचं. म्हणजे घरचा मार्क ५. कपड्यांचंही तसंच, तिथे अर्धं-अर्धं करून ५ मिळतात आणि घरी आई सगळे कपडे घालून देते म्हणजे ०. तर ताई, डिपार्टमेंटचा आकडा ६५ आणि तुमच्या घरचा आकडा ५५, मधले १० मार्क रस्त्यात कुठेतरी राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली अपंगत्वाचं जे वर्गीकरण काढलं त्यात या दोन गोष्टींना वेगळी नावंच दिलीत, ठरवून दिलेल्या जागी माणसाला काय जमतं ते एक आणि स्वतःच्या जगण्यात तो काय करतो ते दुसरं. आम्ही थेरपिस्ट पहिलं मोजण्यात हुशार असतो कारण पेशंट आमच्यासमोर असतो तेव्हा तेच दिसतं.

मी स्वतः यात चुकलेय म्हणून एवढं ठासून सांगतेय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट, एक सत्तरीचे शेतकरी आजोबा होते, डावी बाजू लुळी. त्यांना मी शर्ट घालायला शिकवला, घालताना लुळा हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना लुळा हात शेवटी काढायचा, शर्ट मांडीवर पालथा पसरायचा, कॉलर गुडघ्याकडे, हे सगळं त्यांनी दहा-बारा दिवसांत आत्मसात केलं आणि चार मिनिटांत बटणासकट शर्ट घालायला लागले. मी आनंदाने कपड्यांच्या ओळीत पूर्ण मार्क लिहिले. महिन्याने घरी गेले तर सूनबाई त्यांना कपडे घालून देत होत्या. मला आधी वाटलं की सून लाड करतेय. मग बसून बघितलं. आजोबा घरी शर्ट घालतच नव्हते, ते घालायचे बनियन, जे डोक्यावरून घालावं लागतं, आणि लेंगा, ज्याची नाडी एका हाताने बांधता येत नाही. कपडे खुंटीवर टांगलेले, ती त्यांच्या हाताच्या वर. बसायला जमिनीवर गादी, आणि आमच्याकडे सराव केला होता खुर्चीत बसून. वर सकाळी सात ते आठ या वेळात घरात पोरांच्या डब्यांची घाई. मी जे मोजलं होतं ते त्या घरात घडतच नव्हतं. नाडीच्या जागी इलॅस्टिक घातलं, खुंटी दोन हात खाली आणली, भिंतीला टेकवून एक बिनहाताची खुर्ची ठेवली आणि अंघोळीची वेळ डबे गेल्यानंतरची केली, पंधरा दिवसांत आजोबा स्वतः कपडे घालायला लागले. त्यांच्या हातात तेवढ्या दिवसांत नवीन ताकद काही आली नव्हती. तेव्हापासून मी कपड्यांचा मार्क लिहिण्याआधी विचारते, घरी काय घालता?

आता दुसऱ्या मोजणीचं नाव तुम्ही विचारलंय, एफआयएम, म्हणजे फंक्शनल इंडिपेंडन्स मेजर. १९८० च्या दशकात अमेरिकेत तयार झाली, बफेलो इथे कार्ल ग्रेंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुढे नेली. यात १८ कामं असतात, १३ शरीराची आणि ५ डोक्याची, प्रत्येकाला १ ते ७. त्यामुळे सगळ्यात कमी १८ आणि जास्तीत जास्त १२६. हे लक्षात ठेवा, कोणी 'एफआयएम ४०' सांगितला तर ते ० पासून ४० नाही, पेशंटला काहीही करता आलं नाही तरी १८ मिळतातच.

सात पायऱ्या अशा. ७ म्हणजे कोणाची मदत नाही, साधन नाही, वेळेत आणि सुरक्षित. ६ म्हणजे एकटाच करतो पण काठी, पट्टा, रॉड असं काही लागतं किंवा नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. ५ म्हणजे हात लावावा लागत नाही पण कोणीतरी शेजारी हवं, किंवा सामान मांडून द्यावं लागतं, किंवा तोंडाने सांगावं लागतं. ४ म्हणजे काम तीन-चतुर्थांश किंवा जास्त पेशंटच करतो, आपण नुसता हात लावतो. ३ म्हणजे अर्ध्याहून जास्त तो, २ म्हणजे पाव ते अर्धं तो, १ म्हणजे जवळजवळ सगळं आपण. आमच्या कामात ५ आणि ६ च्या मधली रेघ सगळ्यात मोठी, कारण त्या रेघेच्या खाली घरात एक माणूस अडकलेला असतो आणि वर तो मोकळा होतो. पेशंटच्या हातापायात फार मोठा बदल न होताही ही रेघ ओलांडता येते, कधी कधी फक्त एक रॉड बसवून.

संडासचं उदाहरण घेते कारण तेच तुमच्या कामाचं आहे. एफआयएममध्ये त्याचे तीन भाग धरतात, आधी कपडे खाली करणं, मग स्वच्छता, मग कपडे परत वर करणं. बाबा जर लेंगा खाली करतात, डाव्या हाताने धुतात, आणि लेंगा वर ओढायला मात्र आई लागते, तर तीनातली दोन कामं त्यांची, म्हणजे ३. महिन्याने आईने फक्त मागच्या बाजूला जरासा ओढून दिला तर ४. अजून पुढे आई दाराशी नुसती उभी राहिली तर ५. या तिन्ही वेळी बार्थेलमध्ये मात्र तेच ५ मार्क राहतात, कारण तिथे 'थोडी मदत' ही एकच पायरी आहे. म्हणून बार्थेल महिना-दीड महिना हलत नसेल तर सुधारणा थांबली असं लगेच समजायचं नाही, फूटपट्टीवरच्या खुणा लांब लांब आहेत एवढंच. उलट एफआयएम नीट भरायचं तर रीतसर ट्रेनिंग आणि लायसन्स लागतं, म्हणून आपल्याकडे फार कमी ठिकाणी ते नियमाप्रमाणे भरलं जातं. अमेरिकेत सुद्धा मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेने ऑक्टोबर २०१९ पासून रिहॅब हॉस्पिटलांच्या सरकारी नोंदणीतून ते काढलं आणि स्वतःची वेगळी मोजणी आणली. तरी पेशंटला किती हात लावला हे सांगायला ही सात पायऱ्यांची भाषा मला अजूनही सगळ्यात उपयोगी वाटते, फॉर्म भरा न भरा, आपापसात बोलताना वापरा.

त्या ५ डोक्याच्या कामांबद्दल पण बोलायला हवं, समजणं, बोलणं, लोकांशी वागणं, अडचण सोडवणं, लक्षात ठेवणं. बार्थेलमध्ये यातलं काहीच नाही. त्यामुळे एखाद्याला बार्थेल १०० मिळू शकतं आणि तरी तो माणूस गॅस चालू ठेवून बाहेर जातो किंवा बीपीची गोळी दोनदा घेतो. महोनी-बार्थेल यांनी मूळ लेखातच लिहून ठेवलंय की १०० मिळाले म्हणजे एकटं राहता येईल असं नाही, स्वयंपाक-घरकाम जमेलच असं नाही, फक्त अंगाजवळची मदत लागणार नाही एवढंच. उजव्या बाजूचा लकवा म्हणजे मेंदूची डावी बाजू, तिथे बोलण्यावर परिणाम होऊ शकतो, तुम्ही बाबांच्या बोलण्याबद्दल काहीच लिहिलं नाहीये, तेवढं बघा. त्यांना शब्द सापडत नसतील तर 'जेवणार नाही' याचा अर्थ दर वेळी 'भूक नाही' असा नसतो.

आता आकड्याचे गैरसमज. पहिला म्हणजे ६५ म्हणजे ६५ टक्के बरे झाले असं अजिबात नाही. यातले मार्क एकमेकांना सारखे नाहीत, जिन्याचे ५ आणि तोंड धुण्याचे ५ यांची मेहनत सारखी नाही, बेरीज करायची सोय आहे म्हणून आपण करतो. दुसरा आणि फार जास्त दिसणारा घोळ म्हणजे अपंगत्वाच्या दाखल्यावरचे टक्के. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ४० टक्के आणि त्यावर अपंगत्व असलं तर बऱ्याच सवलती लागू होतात, आणि लोक बार्थेल ६५ घेऊन विचारायला येतात की मग दाखला ६५ टक्क्यांचा मिळेल का. ते मोजमाप पूर्ण वेगळं, त्यासाठी सरकारने ठरवून दिलेल्या पद्धतीने डॉक्टर तपासतात, आणि दिशाही उलटी, तिथे आकडा जास्त म्हणजे त्रास जास्त, बार्थेलमध्ये आकडा जास्त म्हणजे माणूस जास्त स्वावलंबी. दोन कागद एकमेकांसमोर ठेवू नका.

किती वाढलं की खरं वाढलं समजायचं, हा तुमचा उपप्रश्न. लकव्याच्या पेशंटवर तैवानमध्ये झालेल्या २००७ च्या अभ्यासात २० मार्कांच्या बार्थेलवर (वर सांगितलेल्या ब्रिटनच्या पद्धतीत बेरीज १०० ऐवजी २० असते) साधारण १.८५ इतका फरक पेशंटला जाणवण्याइतका धरलाय, १०० च्या हिशोबात म्हणजे ९-१०. तेव्हा ५ मार्क इकडेतिकडे होणं हे मोजणारा बदलला, वेळ बदलली, पेशंट दमलेला होता अशा कशानेही होतं, त्यावर आनंद पण नको आणि काळजी पण नको. तुमचे २० आहेत, ते नक्की खरे आहेत, घरचे १० धरले तरीही.

आणि काळाचं. कोपनहेगनच्या १९९५ च्या मोठ्या अभ्यासात बार्थेलने मोजलं तेव्हा ८० टक्के लोक सहा आठवड्यांत आणि ९५ टक्के लोक साडेबारा आठवड्यांत आपल्या सगळ्यात चांगल्या स्कोअरला पोचले होते. हे वाचून घाबरू नका, पण अडीच महिने होत आलेत तर हे माहीत असलेलं बरं. त्याचा अर्थ तीन महिन्यांनंतर काहीच होत नाही असा नाही. आपोआप वर चढणारा भाग कमी होतो, त्यानंतर जे मिळतं ते नेमकं एखादं काम धरून, घरात सोय करून, सवय बदलून मिळतं, वर सांगितलेल्या आजोबांचं तसंच होतं. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर, थेरपी चालू ठेवा, पण 'हातपाय हलवून घ्या' अशी नको. थेरपिस्टना सरळ सांगा की आम्हाला या महिन्यात दोन कामं हवीत, रात्रीची लघवी आणि संडास. चांगला थेरपिस्ट याने खूश होतो, खरंच सांगते, कारण घरच्यांनी नेमकं काम सांगितलं की आम्हालाही दिशा मिळते.

रात्रीचं लगेच करता येईल असं सांगते. बाथरूमपर्यंत जाणं हे ध्येय रात्रीपुरतं बाजूला ठेवा. डाव्या बाजूला, म्हणजे त्यांच्या चांगल्या हाताच्या बाजूला, बेडजवळ लघवीची बाटली अडकवून ठेवा, लहान दिवा चालू राहू दे, लेंगा इलॅस्टिकचा. दिवसा चार-पाच वेळा बेडच्या कडेला बसून बाटली घेणं, वापरणं, न सांडता परत अडकवणं याचा सराव करून घ्या, आधी आई शेजारी, मग खोलीच्या दाराशी. बेडच्या कडेला बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, टेकत नसतील तर बेड उंच आहे. जमलं की आईने रात्री उठायचं कारण नाही, आणि बार्थेलच्या नियमात बाटली स्वतः सांभाळत असतील तर लघवीचे पूर्ण १० च राहतात, साधन वापरलं म्हणून मार्क कापत नाहीत. काठीचंही तसंच, चमच्याचंही तसंच. एकट्याने रात्री चालत जाण्याचा प्रयोग मात्र थेरपिस्टने बघून हो म्हणेपर्यंत करायचा नाही, पडून खुबा मोडला तर सगळी मेहनत मागे जाते.

जेवणाचं असं करून बघा. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या हँडलची ग्रिप किंवा फडका गुंडाळून जाड करा, काठ असलेलं खोल ताट घ्या, ताटाखाली ओला फडका म्हणजे ते सरकणार नाही, आणि उजवा हात टेबलावर आणून ताटाच्या काठाला लावून ठेवा, ताट धरून ठेवणं हे काम त्याचं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आपल्या पिढीजात सवयीत डावा हात ताटात घालणं हे माणसाला आतून लागतं, हट्ट म्हणून ते सोडून देऊ नका. उजवा हात ताटाला लागलेला असला आणि डाव्यात चमचा असला की कित्येक जण तयार होतात, आणि लुळ्या हाताला दिवसातून दोनदा काम मिळतं ते वेगळंच. सुरुवातीला घरच्यांच्या आधी, एकट्याचं पान वाढा, पाहुण्यांसमोर नको.

तुमच्याकडे अंघोळ मोरीत बादली-तांब्याने आणि संडास भारतीय पद्धतीचा, असं तुम्ही लिहिलंय, सध्या खोलीत प्लॅस्टिकची कमोड खुर्ची. बार्थेल काय किंवा एफआयएम काय, दोन्ही जिथे तयार झाली तिथे लोक टबमध्ये किंवा शॉवरखाली अंघोळ करतात आणि कमोडवर बसतात. उकिडवं बसणं, मांडी घालून बसणं, जमिनीवरून उठणं, बादलीतून तांब्या भरून डोक्यावर ओतणं, उंबरठा ओलांडणं यातलं काहीच त्यात विचारलेलं नाही. मी म्हणून मूळ फॉर्म जसा आहे तसाच भरते, त्यात आपल्या मनाने काही मिसळत नाही नाहीतर आकड्याची तुलनाच करता येत नाही, आणि त्याच्या मागच्या बाजूला या आपल्या कामांची वेगळी यादी ठेवते, नुसतं एकटा, सोबतीने, हात लावून एवढंच लिहून. मोरीत पाठीचा स्टूल, भिंतीला रॉड, बादली उंच पाटावर डाव्या बाजूला आणि तांब्याऐवजी दांड्याचा हलका प्लॅस्टिक मग, एवढ्यावर अंघोळीची बरीच कामं सुटतात. भारतीय संडासात उकिडवं बसणं मात्र सध्या नको, कमोड खुर्चीच त्या भांड्यावर ठेवता येते का बघा, म्हणजे खोलीत भांडं उचलण्याचं आईचं काम तरी जाईल.

घरी मोजायचं कसं. वही घाला, आठवडाभर, पण सगळी दहा कामं नकोत, चारच. बेडवरून खुर्ची, संडास, कपडे, अंघोळ. प्रत्येक वेळी तीनातलं एक लिहा, 'एकटे', 'शेजारी उभं', 'हात लावला', आणि किती मिनिटं लागली. सकाळचं वेगळं, रात्रीचं वेगळं, कारण लकव्याचा पेशंट संध्याकाळी दमलेला असतो आणि सकाळी जमलेलं रात्री जमत नाही, दोन्हीत फरक असेल तर कमी असलेलं खरं धरा. लिहिण्याचं काम आईवर टाकू नका, तिला आधीच पुरे झालंय, तिने तुम्हाला फोनवर सांगावं आणि तुम्ही लिहावं. आणि एक, मोजण्याच्या वेळी 'थांबा मी करते' म्हणायचं नाही, दोन मिनिटं हात मागे ठेवून बघायचं, ते किती अवघड असतं मला माहिती आहे.

वही ठेवण्याचा अजून एक मोठा फायदा. आकडा वर जायला आठवडे लागतात पण खाली येतो तो कधी कधी दोन दिवसांत. कालपर्यंत शेजारी उभं राहून चालणारा माणूस आज धरून उचलावा लागतोय, लघवीचा ताबा परत गेलाय, असं दिसलं तर 'आज मूड नाही' म्हणून सोडू नका, लघवीचं इन्फेक्शन, ताप, साखर कमी होणं, नवीन सुरू केलेली झोपेची गोळी, बद्धकोष्ठता, यातलं काहीही असू शकतं, डॉक्टरांना दाखवा. तोंड वाकडं झालं, बोलणं बदललं, हात-पाय अचानक अजून गळाला तर वाट न बघता थेट हॉस्पिटल. आणि हळूहळू दोन-तीन आठवड्यांत सगळ्याच ओळी थोड्या थोड्या घसरत असतील, जेवण, दाढी, कपडे, तर नैराश्याचा विचार करा, लकव्यानंतर ते फार होतं आणि त्यावर उपचार आहेत.

ज्यांच्या घरी लकवा नसून पाठीच्या कण्याला मार लागलेला पेशंट आहे त्यांनी बार्थेलवर फार विसंबू नका, त्यांच्यासाठी स्किम नावाची वेगळी मोजणी आहे, तिच्या १०० पैकी ४० मार्क श्वास आणि शौच-लघवीच्या व्यवस्थेला आहेत, कारण त्यांचं जगणं तिथेच अडलेलं असतं. आणि ज्यांचा बार्थेल ९५-१०० ला पोचलाय त्यांनी पुढे लॉटनची १९६९ ची यादी मागा, फोन, बाजारहाट, स्वयंपाक, घर आवरणं, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैसे अशी आठ कामं तिच्यात आहेत.

इथे नवीन थेरपिस्ट पण वाचतात म्हणून त्यांना एकच विनंती, कार्डावर नुसती बेरीज लिहू नका रे. दहा ओळी लिहा, बघून लिहिलं की विचारून ते लिहा, तारीख टाका, आणि शक्यतो दोन्ही वेळी एकाच माणसाने भरा. पुढच्या माणसाला त्या बेरजेतून काही म्हणजे काही कळत नाही, या ताईंनी ओळी पाठवल्या म्हणून मला आईची रात्र दिसली.

ताई, आता बाटलीचा सराव सुरू करा, चार आठवड्यांनी त्याच थेरपिस्टकडून परत दहा ओळी भरून घ्या आणि शेजारी घरच्या वहीवरून तुमचा घरचा आकडा लिहा. दोन्ही मला पाठवा, आणि सोबत एक तिसरा आकडाही, आई रात्री किती वेळा उठली तो.